हात किती वेगवान, माउस किती?

१९६०च्या दशकाच्या मध्यावर कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कच्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काही माणसं संगणकासमोर बसून टेबलाखाली गुडघा हलवत होती. गुडघा डावी-उजवीकडे नेला की पडद्यावरची खूण आडवी सरकायची, चवडा टेकून टाच वरखाली केली की उभी सरकायची. डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी नासाच्या आर्थिक मदतीतून आखलेली ही चाचणी होती. पडद्यावरचं एखादं अक्षर किंवा शब्द निवडायचा तर माणसाच्या हाती काय द्यावं, हे त्यांना ठरवायचं होतं. प्रकाशलेखणी होती, जॉयस्टिक होती, टेबलावर फिरणाऱ्या दांड्याचं ‘ग्राफाकॉन’ नावाचं साधन होतं, आणि पोटाखाली काटकोनात दोन चाकं बसवलेला, बिल इंग्लिश यांनी तयार केलेला एक लाकडी ठोकळाही होता. त्या ठोकळ्याला आज आपण माउस म्हणतो.

या चाचणीची रीत मला अजूनही फार आवडते. माणसाचे हात आधी कीबोर्डवर असायचे. स्पेसबार दाबला की पडद्यावर एक्स अक्षरांचा पुंजका उमटायचा आणि वेळ मोजायला सुरुवात व्हायची. मग हात कीबोर्डवरून उचलायचा, साधन हाताशी घ्यायचं, खूण लक्ष्यावर न्यायची आणि निवड करायची. साधनापर्यंत हात पोचायला लागलेला वेळ आणि खूण लक्ष्यावर न्यायला लागलेला वेळ, दोन्ही हिशेबात होते. गुडघ्याला इथे आयता फायदा होता, कारण हात कीबोर्डवरून हलवावाच लागत नव्हता. चाचणीचे निष्कर्ष १९६७ साली प्रसिद्ध झाले. सरावलेल्या माणसांच्या हाती माउस सर्वांत वेगवान ठरला आणि त्याच्या चुकाही कमी होत्या. नवख्या माणसांच्या बाबतीत मात्र प्रकाशलेखणी आणि गुडघा माउसच्या पुढे होते.

म्हणजे ‘कोणतं साधन वेगवान?’ या प्रश्नाला पहिल्याच मोठ्या चाचणीत दोन उत्तरं मिळाली, आणि दोन्ही खरी होती. कोणाच्या हातात, किती सरावानंतर, कोणत्या कामासाठी आणि किती चुका चालवून घेऊन, हे सांगितल्याशिवाय वेगाच्या आकड्याला अर्थ येत नाही. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत या विषयात जे काही काम झालं, ते बहुतेक सगळं या चार अटी नीट बांधून घेण्यासाठी झालं.

त्या कामाचा पाया एका मानसशास्त्रज्ञाने संगणक घरोघर पोचण्याच्या कितीतरी आधी घातला होता. पॉल फिट्स यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी हवाई दलासाठी काम केलं होतं. वैमानिकांच्या चुकांना उपकरणांची रचनाही कारणीभूत असते, हे त्यांनी अभ्यासलेलं होतं. १९५४ साली, ओहायो स्टेट विद्यापीठात असताना, त्यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या, हातात धातूची लेखणी, आणि काम एवढंच की दोन्ही पट्ट्यांना आळीपाळीने, होईल तितक्या झपाट्याने टोचत राहायचं. पट्ट्यांची रुंदी पाव इंचापासून दोन इंचांपर्यंत, त्यांच्यातलं अंतर दोन इंचांपासून सोळा इंचांपर्यंत. लेखण्या दोन, एक औंसाची आणि एक पौंडाची. प्रत्येक पट्टीच्या दोन्ही अंगांना आणखी पट्ट्या जोडलेल्या होत्या. नेम चुकून लेखणी तिथे टेकली की चूक आपोआप नोंदली जायची.

दोरीवर कपडा टाकायला आणि सुईत दोरा ओवायला सारखा वेळ लागत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. फिट्स यांनी त्याचं गणित मांडलं. क्लॉड शॅनन यांनी १९४८ साली मांडलेला माहितीचा सिद्धांत तेव्हा ताजा होता. फिट्स यांनी त्यातलं ‘बिट’ हे मापनाचं एकक उचललं आणि हाताच्या हालचालीला लावलं. अंतराच्या दुपटीला रुंदीने भागायचं आणि त्याचा दोन या पायावरचा लॉगॅरिदम घ्यायचा. जी संख्या येईल ती त्या हालचालीची काठिण्यपातळी, बिटमध्ये. दोन इंचांवरची दोन इंची पट्टी म्हणजे १ बिट. सोळा इंचांवरची पाव इंची पट्टी म्हणजे ७ बिट. अंतर दुप्पट केलं की एक बिट वाढतो, रुंदी निम्मी केली तरीही एकच बिट वाढतो. आणि लागणारा वेळ या बिटांच्या प्रमाणात जवळपास सरळ रेषेत वाढतो. फिट्स यांना हाताची क्षमता सेकंदाला १० बिटांच्या आसपास मिळाली. हा नियम पुढे त्यांच्या नावाने ओळखला जाऊ लागला आणि मानवी वर्तनाच्या अभ्यासात इतका टिकाऊ नियम क्वचितच सापडतो. फिट्स स्वतः १९६५ साली वारले. माउसला त्यांचा नियम लागू झालेला त्यांना पाहता आला नाही.

ते काम झेरॉक्सच्या पालो अल्टोच्या प्रयोगशाळेत झालं. स्टुअर्ट कार्ड, तेच बिल इंग्लिश आणि बेटी बर यांनी १९७८ साली चार साधनांची तुलना प्रसिद्ध केली. मजकुरातला शब्द निवडायला माउसला सरासरी १.६६ सेकंद लागले, जॉयस्टिकला १.८३, शब्द-ओळ-परिच्छेद अशा उड्या मारणाऱ्या कळांना २.२६ आणि साध्या बाणांच्या कळांना २.५१ सेकंद. चुकांचं प्रमाण याच क्रमाने ५, ११, ९ आणि १३ टक्के. पहिली दोन साधनं वेळात जवळजवळ खांद्याला खांदा लावून आहेत, पण जॉयस्टिकच्या चुका दुपटीहून अधिक. नुसता वेळाचा रकाना वाचला असता तर हा फरक निसटला असता.

पण या निबंधातली खरी मोलाची गोष्ट सेकंदांची नाही. माउसने लक्ष्य गाठायला लागणारा वेळ फिट्स यांच्या नियमाप्रमाणे वाढतो, आणि त्या रेषेचा उतार जवळपास तोच येतो जो नुसत्या हाताने टोचताना येतो, असं कार्ड यांच्या लक्षात आलं. याचा अर्थ असा की वेगाला मर्यादा घालतो तो माणसाचा हात आणि डोळा, यंत्र नव्हे. अशा प्रकारच्या दुसऱ्या एखाद्या साधनाने याहून फार मोठी मजल मारणं अवघड, हे यातून दिसलं. ‘आमचं साधन तुमच्यापेक्षा बरं’ एवढं सिद्ध करणाऱ्या चाचण्या पुष्कळ होतात. ‘या साधनाने माणसाच्या क्षमतेची हद्द गाठली आहे’ असं सांगणारी चाचणी विरळा. १९८१ साली झेरॉक्सने ‘स्टार’ हा संगणक बाजारात आणला तेव्हा त्याच्यासोबत माउस होता. त्या निर्णयामागे या मोजणीचं बळ होतं.

यानंतर अडचण आली ती जुळवाजुळवीची. प्रत्येक प्रयोगशाळेची लक्ष्यं वेगळी, सूत्र वेगळं, चुकांकडे पाहण्याची दृष्टी वेगळी. एक माणूस घाई करतो आणि दहातले दोन नेम चुकवतो, दुसरा जपून जातो आणि एकही चुकवत नाही. यांचे वेळ शेजारी मांडून काय कळणार? २००० साली आलेल्या आयएसओ ९२४१-९ या आंतरराष्ट्रीय मानकाने यावर तोडगा दिला. पडद्यावर गोलाकार मांडलेली लक्ष्यं, आणि एकावरून जवळजवळ समोरच्यावर असं व्यास ओलांडत जायचं, म्हणजे आडवी, उभी, तिरकी अशा सगळ्या दिशा तपासल्या जातात. प्रत्येक क्लिक नेमका कुठे पडला ते नोंदवायचं. मग लक्ष्याची कागदावरची रुंदी बाजूला ठेवायची आणि क्लिक प्रत्यक्षात जेवढ्या पट्ट्यात विखुरले तेवढी रुंदी धरायची. त्या विखुरण्याच्या प्रमाण विचलनाला ४.१३३ने गुणलं की सुमारे ९६ टक्के क्लिक सामावून घेणारी ‘प्रत्यक्ष रुंदी’ मिळते. घाई करणाऱ्याचे क्लिक सैल पसरतात, म्हणून त्याची रुंदी वाढते आणि बिट घटतात. जपून जाणाऱ्याचे क्लिक दाटीने पडतात, त्याचे बिट वाढतात. वेग आणि अचूकपणा यांचा हिशेब असा एकाच आकड्यात होतो. मला ही युक्ती या सगळ्या विषयातली सर्वांत देखणी वाटते.

या रीतीने केलेल्या अभ्यासांचा आढावा सुकोरेफ आणि मॅकेन्झी या कॅनडातल्या संशोधकांनी २००४ साली घेतला. माउसची क्षमता सेकंदाला ३.७ ते ४.९ बिट अशी दिसते, टचपॅडची १ ते २.९, जॉयस्टिकची १.६ ते २.५५. इथे वाचकाला प्रश्न पडायला हवा. कार्ड यांच्या माउसची क्षमता तर हाताच्या, म्हणजे १० बिटांच्या जवळ होती. मग २००४ पर्यंत माउस निम्म्यावर आला की काय? तसं नाही. कार्ड यांचा आकडा रेषेच्या नुसत्या उतारावरून काढलेला होता. प्रत्येक हालचालीत जो ठरावीक वेळ जातोच जातो तो त्यात धरलेला नव्हता. मानक सगळा वेळ धरतं, आणि काठिण्याचं सूत्रही थोडं वेगळं वापरतं. दोन्ही आकड्यांपुढे ‘बिट प्रति सेकंद’ हेच लिहिलेलं असतं. तरी त्यांची तुलना करणाऱ्याची फसगत ठरलेली.

दुकानातल्या माउसच्या खोक्यावर यातलं काहीच छापलेलं नसतं. तिथे असतो ‘डीपीआय’चा मोठा आकडा आणि हर्ट्झमधला दुसरा. पहिला सांगतो, माउस एक इंच सरकला तर सेन्सर किती पावलं मोजतो. हे सेन्सरच्या बारकाव्याचं माप आहे, हाताच्या नेमाचं नाही. तो आकडा वाढवत गेलात तर खूण पडद्यावर सुसाट पळते, पण लहान बटणावर थांबवणं उलट जड जातं. हर्ट्झचा आकडा सांगतो, माउस आपली खबर संगणकाला सेकंदातून किती वेळा देतो. साधा यूएसबी माउस १२५ वेळा, म्हणजे ८ मिलिसेकंदांनी एकदा. खेळासाठीचा माउस १००० वेळा, म्हणजे दर मिलिसेकंदाला. बचत झाली जास्तीत जास्त ७ मिलिसेकंदांची, आणि ६० हर्ट्झच्या पडद्यावर एक चित्र बदलायलाच जवळपास १६.७ मिलिसेकंद लागतात. स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूच्या वेगवान पडद्यावर तो फरक कामाचा असू शकतो. हिशेबाच्या तक्त्यात आकडे भरणाऱ्याला त्यासाठी जास्तीचे पैसे मोजण्याचं कारण नाही.

हात हलणं आणि पडदा हलणं यांतला एकूण विलंब मात्र खरोखर महत्त्वाचा आहे. मॅकेन्झी आणि कॉलिन वेअर यांनी १९९३ साली मुद्दाम २२५ मिलिसेकंदांचा विलंब घालून पाहिला. लक्ष्य गाठायचा वेळ ६४ टक्क्यांनी वाढला आणि चुका २१४ टक्क्यांनी, म्हणजे तिपटीहून जास्त झाल्या. पाव सेकंदाहूनही कमी विलंबाने एवढी धूळधाण! हे घरच्या घरीही तपासता येतं. ज्या फोनच्या कॅमेऱ्यात सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन आहे तो असा धरा की माउसवरचा हात आणि पडदा दोन्ही दिसतील. माउस झटक्यात हलवा. मग चित्रण एकेक चित्र पुढे सरकवत, हात हलल्यापासून खूण हलेपर्यंत किती चित्रं गेली ते मोजा. एक चित्र म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंद. पाच-सात वेळा करून सरासरी काढली तर खोक्यावरच्या कोणत्याही आकड्यापेक्षा जास्त उपयोगी माहिती हाती येते, कारण त्यात माउस, संगणक आणि पडदा असं तिघांचं मिळून माप आलेलं असतं.

आता कीबोर्डकडे वळू, कारण मराठी माणसाचा खरा संबंध इथे येतो.

टंकलेखनाचा वेग मिनिटाला इतके शब्द असा सांगतात. शब्द लहानमोठे असतात म्हणून इंग्रजीत एक संकेत ठरून गेला आहे: मोकळी जागा धरून ५ अक्षरं म्हणजे एक शब्द. चाचणीसाठी वाक्यंही ठरावीक लागतात. मॅकेन्झी आणि सुकोरेफ यांनी २००३ साली ५०० छोट्या इंग्रजी वाक्यांशांचा संच खुला केला, तो पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी वापरला. चुकांचे दोन प्रकार वेगळे मोजतात, दुरुस्त केलेल्या आणि तशाच राहिलेल्या. अंतिम मजकूर निर्दोष दिसला तरी तो देण्यासाठी माणसाने बॅकस्पेस किती वेळा बडवलं, हेही नोंदवावं लागतं. शिवाय एक अक्षर उमटवायला सरासरी किती कळा दाबाव्या लागतात हे माप आहे. जुन्या बटणांच्या फोनवर एकच कळ पुन्हा पुन्हा दाबून इंग्रजी लिहिताना ते दोनच्या वर जायचं. शब्दकोशाच्या आधारे अंदाज बांधणारी टी-९ पद्धत आली आणि ते जवळपास एकवर उतरलं.

फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह २०१८ साली १ लाख ६८ हजार लोकांच्या साडेतेरा कोटींहून अधिक कळदाबांचा अभ्यास मांडला. संगणकाच्या कीबोर्डवर सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्दांच्या आसपास आला. पुढच्या वर्षी ३७ हजार लोकांच्या मोबाइलवरच्या लेखनाची सरासरी ३६ शब्दांच्या आसपास निघाली. ही माणसं स्वतःहून चाचणीला आलेली होती, तेव्हा हे साऱ्या जगाचं प्रतिबिंब मानता येणार नाही. पण मोबाइल आणि कीबोर्ड यांतली दरी लोक समजतात तेवढी मोठी नाही, एवढं यातून नक्की दिसतं. याच फूटपट्टीने अगदी वेगळ्या साधनांनाही मोजता येतं. स्टीफन हॉकिंग हाताने बटण दाबू शकत होते तेव्हा मिनिटाला १५ शब्दांपर्यंत लिहीत. पुढे गालाच्या स्नायूच्या हालचालीवर लिहिताना हा वेग मिनिटाला एखाद्या शब्दावर आला होता. २०२१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी हात निकामी झालेल्या एका माणसाच्या मेंदूत बसवलेल्या सेन्सरांमधून, त्याने मनात गिरवलेली अक्षरं ओळखली. वेग आला मिनिटाला ९० अक्षरांचा, म्हणजे याच संकेताने १८ शब्दांचा. या क्षेत्रात मिनिटाला एक शब्द वाढणं म्हणजे कोणाच्या तरी संवादात पडलेली खरी भर असते, आणि म्हणून मोजणी काटेकोर हवी.

आपल्याकडे लिपिक-टंकलेखक पदाच्या जाहिरातींत मराठीसाठी मिनिटाला ३० किंवा इंग्रजीसाठी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. केंद्रीय कर्मचारी निवड आयोगाच्या टंकलेखन चाचणीत हिंदीचे ३० शब्द म्हणजे तासाला ९००० कळदाब, असा हिशेब दिलेला असतो. म्हणजे देवनागरीलाही शब्दामागे पाचच कळा. आता ‘महाराष्ट्रातल्या’ हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला त्यात सहा अक्षरं दिसतात: म, हा, रा, ष्ट्रा, त, ल्या. युनिकोडच्या हिशेबाने मात्र काने आणि पायमोडकी चिन्हं धरून ते सोळा घटक होतात. इन्स्क्रिप्ट या देवनागरीसाठीच्या मांडणीच्या कीबोर्डवर ते एकेक करून सोळा कळांनी लिहिता येतात, त्यातल्या ‘ष’साठी शिफ्टही धरावं लागतं. पाचाच्या हिशेबाने हा एकच शब्द तीनाहून जास्त शब्दांचा झाला. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणाऱ्या पद्धतीने तोच शब्द लिहिला तर साधारण पंधरा अक्षरं लागतात. कळा जवळपास तेवढ्याच. पण तिथे सुचवलेल्या पर्यायांवर नजर टाकून योग्य शब्द उचलावा लागतो, आणि तो नजरेचा वेळ कळा मोजणाऱ्या यंत्राला दिसत नाही. टाइपरायटरवर अर्धी अक्षरं आणि काना वेगळ्या कळांवर असत, त्यामुळे तिथला हिशेब आणखी तिसराच.

चुकांचं प्रकरण याहून नाजूक आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत इन्स्क्रिप्टवर फरक आहे फक्त शिफ्टचा, कळ तीच. एक घटक चुकला आणि डोंगरातून थेट समुद्रात पोचलो. यंत्र ही एक चूक म्हणेल, वाचणाऱ्याचं वाक्य फसलेलं असेल. याच्या उलटही होतं. ‘ऱ्य’ लिहिण्याचे संगणकात दोन मार्ग रूढ आहेत. एकात नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसऱ्यात साधा ‘र’ आणि पुढे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मूळ उतारा एका मार्गाने लिहिलेला असेल आणि उमेदवाराच्या कीबोर्डने दुसरा वापरला, तर घटकांची तुलना करणारा तपासनीस प्रोग्रॅम बिनचूक लिहिलेल्या शब्दाला चूक ठरवेल. ‘ॲ’चीही तीच कथा: एकसंध चिन्ह वेगळं, आणि ‘अ’वर चंद्र देऊन केलेलं वेगळं. नोकरीसाठी परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या बाबतीत असा प्रोग्रॅम वापरण्याआधी दोन्ही रूपं एकाच रूपात आणून मग तुलना करायला हवी. हे काम करायला थोड्याच ओळींचा प्रोग्रॅम पुरतो, तेव्हा न करण्याला सबब नाही.

मराठीसाठी कोणती पद्धत चांगली, इन्स्क्रिप्ट की रोमन अक्षरांतून लिहिण्याची, हा वाद मी अनेक वर्षं ऐकत आलो आहे. दोन्ही बाजूंनी हिरिरीने बोलणारे पुष्कळ आहेत. त्यांना एका बैठकीची चाचणी दिली तर निकाल आधीच सांगता येईल: ज्याला जी सवय ती जिंकणार. मॅकेन्झी आणि शॉन झांग यांनी १९९९ साली पडद्यावरच्या कीबोर्डसाठी आखलेल्या ‘ऑप्टी’ या नव्या मांडणीचा वीस बैठकांचा अभ्यास इथे डोळ्यांपुढे ठेवावा. ऑप्टीवर लोकांची सुरुवात मिनिटाला १७ शब्दांनी झाली, ओळखीच्या क्वर्टीच्या कितीतरी मागे. दहाव्या बैठकीनंतर, म्हणजे सुमारे चार तासांच्या सरावानंतर, ऑप्टीने क्वर्टीला मागे टाकलं आणि विसाव्या बैठकीला ती ४४.३ शब्दांवर पोचली. मराठीत असा अभ्यास करायचा तर जोडाक्षरं, विभक्तिप्रत्यय आणि ‘ऱ्य’ नेहमीच्या लेखनात असतात त्याच प्रमाणात असलेली काहीशे वाक्यं हवीत. वेगाबरोबर बॅकस्पेस आणि पर्याय निवडण्याचा वेळ वेगळा नोंदवायला हवा. आणि दोन्ही पद्धतींवर त्याच माणसांना निदान वीस दिवस रोज अर्धा तास बसवायला हवं. कॉलेजच्या संगणक विभागातल्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एका सत्रात जमेल एवढंच हे काम आहे.